करार आपोआप चालेल, पण पहिली नोंद कोण करणार?

पत्राचा सारांश: सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचे मशीनशॉप आहे. वडिलांनी ते दोन लेथवर सुरू केले. आज आमच्याकडे सहा सीएनसी मशीन आणि २२ माणसे आहेत. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेऊन आम्ही पंपाच्या हाऊसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) मशीनिंग करतो आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला पुरवतो. आमच्या उलाढालीचा ६० टक्क्यांहून अधिक भाग या एकाच कंपनीचा आहे. पर्चेस ऑर्डरवर ४५ दिवसांची मुदत छापलेली असते, पण पैसे हातात पडायला ९० ते १०० दिवस लागतात आणि त्यामुळे पुढे आम्हीही इतरांना उशिरा देतो. रिजेक्शनच्या, म्हणजे माल नापास ठरवून पैसे कापल्याच्या, डेबिट नोटा तर माल पोचल्यावर महिन्या-दीड महिन्याने येतात. आता कंपनी सर्व पुरवठादारांना ब्लॉकचेनवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर आणत आहे. माल स्वीकारल्याची नोंद झाली की पैसे आपोआप मिळतील, उशीर झाला की दंड आपोआप लागेल आणि रिजेक्शनची वजावटही आपोआप होईल. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायची आहे. मला हे स्वागतार्ह वाटते, कारण यंत्राला सबबी सांगता येत नाहीत. वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या शेडमध्ये पाणी आले नव्हते, पण कामगार, वीज आणि रस्ता तिन्ही अडले होते. तेव्हा कंपनीच्या साहेबांनी एका फोनवर तीन आठवड्यांची मुदत दिली होती. 'यंत्र फोन उचलेल का?' असे ते विचारतात. सही करावी का? आणि केली, तर आमच्या फाउंड्रीला आणि आमचे जॉबवर्क करणाऱ्या दोन लेथच्या छोट्या टर्नरलाही याच पद्धतीत आणावे का?

नमस्कार.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. हातात आलेल्या मसुद्यावर या महिनाअखेरीस सही करू नका, पण नकारही कळवू नका. काही प्रश्नांची लेखी उत्तरे मागा आणि ती मिळाल्यानंतर एका भागापुरता, म्हणजे एका पार्ट नंबरपुरता, प्रयोग करायची तयारी दाखवा. टर्नरला यात आणू नका, निदान आत्ता तरी.

यंत्राला सबबी सांगता येत नाहीत हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण तुमचे बिल शंभर दिवस अडते ते सबबींमुळे अडते का, हे आपण आधी पाहू. साताऱ्याच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षे खरेदी विभागात होतो, म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर बसता त्याच्या पलीकडच्या खुर्चीत. बिल सापडत नाही, वरच्या साहेबांची सही राहिली आहे, सिस्टिम बंद आहे, ही कारणे मी स्वतः फोनवर सांगितलेली आहेत. खरे कारण बहुतेक वेळा एवढेच असे की ते पैसे आणखी दोन महिने कंपनीला स्वतःसाठी वापरायचे असत आणि पुरवठादार तक्रार करणार नाही याची आम्हाला खात्री असे. पैसे देण्याची व्यवस्था नसणे हा एक आजार आहे आणि पैसे देण्याची इच्छा नसणे हा दुसरा. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हे पहिल्या आजारावरचे औषध आहे. तुमच्या पत्रातली लक्षणे मला दुसऱ्याची वाटतात.

ही गोष्ट मुळात आहे तरी काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण 'कॉन्ट्रॅक्ट' या शब्दाने पुष्कळ गैरसमज होतात. निक साबो या संगणकतज्ज्ञाने १९९० च्या दशकात हा शब्द वापरात आणला आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनमुळे तो सर्वतोमुखी झाला. अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी असलेल्या सामायिक खातेवहीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, एक प्रोग्रॅम ठेवलेला असतो. ठरलेली अट पूर्ण झाल्याची नोंद आली की तो ठरलेली कृती करतो आणि केलेली नोंद कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. कारखान्यांमध्ये सहसा हायपरलेजर फॅब्रिकसारखी, निमंत्रितांपुरती मर्यादित असलेली व्यवस्था वापरतात आणि तीत या प्रोग्रॅमला चेनकोड म्हणतात. थोडक्यात, हा प्रोग्रॅम झालेला करार पाळण्याचे साधन आहे. करार काय असावा हे माणसांनीच आधी ठरवायचे असते, आणि तुमच्या बाबतीत ते ठरवण्याचे काम अजून झालेलेच नाही.

त्यातही एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. असा प्रोग्रॅम जे पैसे आधीच त्याच्या ताब्यात दिलेले आहेत तेवढेच देऊ शकतो. तुमचा व्यवहार रुपयांत होणार आणि रुपये बँकेत असतात. त्यामुळे प्रोग्रॅम फार तर बँकेला सूचना पाठवील आणि खात्यात शिल्लक नसेल तर ती सूचना तशीच परत येईल. म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हा: माल स्वीकारल्याची नोंद झाल्यावर पैसे ज्या खात्यातून निघणार, त्यात ते कधी भरले जाणार आणि भरल्यानंतर ते काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे राहणार? ऑर्डरची रक्कम बँकेच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, आधी जमा होणार असेल, तर या योजनेत तुमच्यासाठी खरोखर काही आहे. एवढे जमत नसेल, तर स्वीकृतीची नोंद होताच तुमचे बिल ट्रेड्सवर चढवावे अशी मागणी करा. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या या मंचांवर, म्हणजे आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट, एमवनएक्सचेंज यांसारख्या ठिकाणी, खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात, पुरवठादाराला थोडे व्याज वजा होऊन पैसे लगेच मिळतात आणि मुदत संपल्यावर वसुली खरेदीदाराकडून होते. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करणे बंधनकारक केले गेले. नोंदणी केली म्हणून प्रत्येक बिल तेथे चढवलेच पाहिजे असे नाही; तेच तुम्हाला मागून घ्यावे लागेल. आणि कोणी रुपयांऐवजी टोकन किंवा आभासी चलनात पैसे देऊ केले, तर स्पष्ट नाही म्हणा. त्यावरील नफ्याला २०२२ पासून ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, शिवाय भाव वरखाली होण्याचा धोका वेगळा. हाऊसिंगच्या धंद्यात या भानगडीला जागा नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर ज्याकडे आपले बहुतेक उद्योजक पाहतच नाहीत त्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि कागदावर काहीही लिहिले तरी ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. याशिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे आपोआप लागणारा दंड तुमच्या बाजूने कायद्यात कधीचाच आहे. तो तुम्ही मागितलेला नाही आणि का मागितला नाही हे मला समजते. ६० टक्के काम देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत अर्ज करणे सोपे नसते. पण मग हेही मान्य करावे लागेल की अडचण एकाच ग्राहकावर अवलंबून असण्याची आहे, आणि ब्लॉकचेनने ते अवलंबन कमी होणार नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, केलेली नसेल तर ती आजच करा. माल रवाना होण्यापूर्वीची नोंदणी असली म्हणजे पुढचे पुष्कळ वाद टळतात.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आपोआप होणार म्हणून लिहिल्या आहेत: पैसे, दंड आणि वजावट. पैसे उशिरा आले तर तुम्हाला मिळायचे व्याजही आपोआप लागणार का? मसुदा काढून पाहा. ते त्यात नसेल, तर यंत्र निःपक्ष आहे हा दावा तेथेच संपतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. माल स्वीकारला ही नोंद कोण करणार?

मी खरेदी विभागात असतानाचा एक प्रसंग सांगतो. मे महिना होता. एका पुरवठादाराचा टेम्पो भर दुपारी दोनशे हाऊसिंग घेऊन आला. बोअर, म्हणजे आतले गोल भोक, ५२ मिलिमीटरचा आणि सवलत ३० मायक्रॉनची. म्हणजे माप ५२.००० ते ५२.०३० च्या दरम्यान हवे. लाईनवर मालाची घाई होती, म्हणून इन्स्पेक्टरने वरच्या क्रेटमधले पाच नग उचलले आणि थेट सीएमएम या अचूक मापनयंत्रावर लावले. त्या खोलीचे तापमान २० अंश ठेवलेले असते. मापे आली ५२.०३३, ५२.०३६, ५२.०३४, आणि उरलेली दोन्हीही तशीच. संपूर्ण लॉटला लाल पट्टी लागली, डेबिट नोट टाईप झाली आणि माझ्या सहीसाठी टेबलावर आली. पुरवठादार वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी वाद घातला नाही, नगावर हात ठेवून ते एवढेच म्हणाले, "साहेब, यांना आजची रात्र या खोलीत झोपू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाच नग त्याच मशीनवर मोजले. मापे आली ५२.०२२, ५२.०२५, ५२.०२३. सगळा माल चांगला होता. बिडाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साधारण १० ते ११ मायक्रॉन वाढतो. टेम्पोत तापून आलेला नग खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असला, तर ५२ मिलिमीटरचा बोअर जवळजवळ ११ मायक्रॉनने मोठा दिसतो. मापनाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश मानतात ते याचसाठी. मी ती डेबिट नोट फाडून टाकली.

त्या दिवशी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट असते, तर लाल पट्टीची नोंद होताच त्या गृहस्थांचे पैसे कापले गेले असते आणि ती चुकीची नोंद कोणालाही पुसता न येणाऱ्या खातेवहीत कायमची बसली असती. केलेली नोंद नंतर बदलली गेली नाही याची हमी ब्लॉकचेन देते. ती नोंद करताना नग गार होता की गरम, हे तिला कळत नाही. हळद साठवण्याच्या हरिपूरच्या पेवांचे, म्हणजे जमिनीतल्या खोल कोठारांचे, व्यवहार तुमच्या वडिलांना आठवत असतील. पावतीवर हळदीची पोती लिहिलेली असायची, पण ती हळद कशी आहे हे पेव उघडल्यावरच कळायचे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले तेव्हा पावत्यांवरचा एक आकडाही बदलला नव्हता.

म्हणून स्वीकृतीचे कलम तुम्ही स्वतः, कारखान्यातल्या तुमच्या सर्वांत अनुभवी माणसाला शेजारी बसवून लिहा. नग किती तास खोलीत ठेवून मोजायचा, किती नग मोजायचे, कोणत्या गेजने मोजायचे आणि त्या गेजचे कॅलिब्रेशन कधी झालेले असावे, हे त्यात यायला हवे. माल पाठवण्यापूर्वीचा तुमचा तपासणी अहवालही त्याच खातेवहीत चढला पाहिजे, म्हणजे दोन्ही मापे शेजारी शेजारी दिसतील. दोन मापे जुळली नाहीत तर वजावट न होता तेवढ्या नगांची रक्कम राखून ठेवली जावी, उरलेल्या मालाचे पैसे नेहमीच्या मुदतीत निघावेत आणि वादातले नग दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत जावेत. मशीनिंग करताना कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, उघडे पडले तर दोष फाउंड्रीचा, पण डेबिट नोट तुमच्या नावावर, असे आज होत असणार. हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या वितळणीतला याचा क्रमांक, नोंदीत आला तर हा गुंता निदान सुटण्यासारखा होईल.

यातच एक गोष्ट अशी आहे जी यंत्राने आपोआप करावी असे मला मनापासून वाटते. २००६ च्या कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. हे घड्याळ कोडमध्ये घालून घ्या. सोळाव्या दिवशी इन्स्पेक्टरने काहीही केलेले नसले तरी स्वीकृतीची नोंद पडली पाहिजे, आणि पैशांची मुदत माल गेटवर पोचल्याच्या तारखेपासून मोजली गेली पाहिजे. महिन्या-दीड महिन्याने येणाऱ्या डेबिट नोटांवर यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही. कंपनीने हे मान्य केले, तर एवढ्या एका कलमासाठीसुद्धा ही पद्धत स्वीकारण्यासारखी आहे.

आता तुमच्या वडिलांविषयी. त्यांच्या विरोधाला तुम्ही जुन्या वळणाचा हट्ट समजत असाल, तर तो समज थोडा बाजूला ठेवा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या ६३ व्या कलमात वचन ज्याला दिले आहे त्याला ते पाळण्याची मुदत वाढवून देता येते असे स्पष्ट म्हटले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या साहेबांनी फोनवर जे केले त्याला कायद्यातच जागा होती. ७४ व्या कलमानुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. ५६ व्या कलमात करार पाळणे अशक्य झाले तर काय, याचा विचार आहे. दीडशे वर्षांच्या अनुभवातून आलेली ही सवड कोडमध्ये कोणीतरी मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही. महामार्ग बंद असला तरी कोडचे घड्याळ चालूच राहते आणि दर दिवसाचा दंड कापत राहते. युरोपीय संघाने २०२३ च्या आपल्या डेटा कायद्यात माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये ते सुरक्षितपणे थांबवण्याची सोय असलीच पाहिजे असा दंडक घातला, तो याच जाणिवेतून. 'कोड हाच कायदा' असे अभिमानाने म्हणणाऱ्यांवरही २०१६ मध्ये अशी वेळ आली होती. 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीच्या कोडमधील चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी ३६ लाखांच्या आसपास इथर (इथेरियमचे चलन) बाहेर काढले, तेव्हा महिनाभराच्या वादानंतर इथेरियमच्या बहुसंख्य लोकांनी खातेवहीतच मुद्दाम बदल करून ते इथर परत मिळवले. थांबवण्याची किल्ली शेवटी लागतेच. ती कोणाकडे असेल हे तुम्ही आधी ठरवून घ्यायचे आहे.

पण वडिलांनाही एक गोष्ट आदराने विचारायला हवी. मुदत देणारे ते साहेब आज त्या खुर्चीत आहेत का? शब्द माणसाबरोबर राहतो आणि माणसाची बदली होते. नव्या अधिकाऱ्यासमोर तुमच्या नावावर फक्त तीन आठवड्यांचा उशीर दिसतो. तो का झाला आणि कोणी मान्य केला, हे कोठेच लिहिलेले नसते. वडिलांना हवी असलेली सवलत आणि तुम्हाला हवी असलेली नोंद यांचा मेळ बसू शकतो. दोन्ही बाजूंनी सही केली की मुदतवाढ खातेवहीत चढेल, ती संपेपर्यंत दंडाचे घड्याळ थांबेल आणि पूर, संप, वीज बंद, रस्ता बंद अशा नावानिशी लिहिलेल्या प्रसंगी ते एका बाजूच्या अर्जावरही तात्पुरते थांबेल, असे कलम मागा.

कायदेशीर वैधतेची भीती मात्र फारशी बाळगू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या १०अ कलमानुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना जोडायच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीची हॅश किंमतही, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेली ओळखखूणही, लिहावी लागते. हॅश हा शब्द नवा वाटला तरी वस्तू नवी नाही. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर तुमच्या जीएसटी ई-इन्व्हॉइसवरचा ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, हा हॅशच असतो. खरी काळजी दुसरीकडे घ्यायची आहे. मुख्य करार साध्या भाषेत, कागदावर, वकिलाच्या नजरेखालून गेलेला असावा. मजकूर आणि कोड यांत विसंगती निघाली तर मजकूर प्रमाण मानला जाईल, असे त्यात लिहिलेले असावे. कोडमधील प्रत्येक 'असे झाले तर तसे होईल' याचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडून घ्या आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय कोड बदलणार नाही, हेही त्यात घाला. चुकीची नोंद दुरुस्त करणारी उलट नोंद किती दिवसांत पडेल, तुमचा दर दुसऱ्या पुरवठादाराला दिसणार नाही ना, आणि वादाचे ठिकाण सांगली असेल की पुणे, हेही ठरवून घ्या. शेवटच्या बाबीकडे दुर्लक्ष करू नका. प्रत्येक तारखेला पुण्याला जाण्याच्या खर्चापायी सोडून दिलेले दावे मी पाहिले आहेत.

आणि एक घरगुती वाटणारी, पण धोक्याची गोष्ट. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी किल्ली, आज कोठे आहे? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांत ते हिशेबनिसाच्या किंवा कर सल्लागाराच्या खणात असते आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिलेला असतो. विवरणपत्र भरण्यापुरते ते चालून गेले. या व्यवस्थेत मात्र ज्याच्या हातात किल्ली त्याने केलेले प्रत्येक काम तुम्ही केले असे धरले जाईल. ते टोकन आजच परत मागवा.

अशा व्यवस्था बंदही पडतात, म्हणून बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवा. मर्स्क आणि आयबीएम या बलाढ्य कंपन्यांनी जहाज वाहतुकीसाठी २०१८ मध्ये सुरू केलेले ट्रेडलेन्स २०२२ च्या अखेरीस गुंडाळण्याचे जाहीर झाले. संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळवता आले नाही, असे कारण त्यांनीच दिले. तंत्रज्ञान चालत होते, माणसे एकत्र आली नाहीत. तुमच्या सर्व नोंदी दरमहा तुमच्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय मसुद्यात असली पाहिजे.

राहिला टर्नरचा प्रश्न. पुढे आम्हीही इतरांना उशिरा देतो, असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्या दोन लेथवाल्याच्या नजरेतून पाहिले, तर तुम्हीच ती पुण्याची कंपनी आहात. जॉबवर्कचे पैसे एस्क्रोत आधी भरायची तुमची तयारी आहे का? नसेल, तर त्याला या पद्धतीत आणणे म्हणजे तुमच्यावरचा दंड आपोआप त्याच्यावर ढकलण्याची सोय करणे होईल, आणि त्याच्याकडे वाद घालायला ना वकील आहे ना वेळ. ४५ दिवसांचा कायदा तुमच्यासाठी आहे तसा त्याच्यासाठीही आहे. त्याच्याशी एक पानाचा मराठी करार करा, मालाच्या चलनावर दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे ठरल्या दिवशी द्या. फाउंड्रीचे थोडे वेगळे आहे. तिच्याशी हीट नंबर आणि काटा-पावतीची नोंद सामायिक ठेवायला आजपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी ब्लॉकचेनची गरज नाही. दोघांना उघडता येणारी, दोघांनाही परस्पर खोडता न येणारी एक यादी पुरेशी आहे.

आता महिनाअखेरीचे. हाच मसुदा वसाहतीतल्या आणखी पुरवठादारांकडे आला असणार. त्यांना भेटा, कारण एकट्याने मागितलेला बदल हट्ट ठरतो आणि दहाजणांनी मागितला की त्यावर बैठक होते. कंपनीला लिहा की पद्धत तत्त्वतः मान्य आहे, वरील मुद्द्यांवर पंधरा दिवसांत चर्चा हवी आणि पहिले तीन महिने एका पार्ट नंबरवर चाचणी घ्यावी, जिच्यात प्रोग्रॅम हिशेब मांडील पण कोणाचे पैसे कापणार नाही. दरम्यान गेल्या वर्षभराच्या सगळ्या डेबिट नोटा काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा: माल कधी पोचला, हरकत कधी आली, फेरतपासणी झाली का, शेवटी रक्कम किती कमी झाली. नव्या नियमांनी यातल्या किती नोटा आपोआप कापल्या गेल्या असत्या आणि किती मुदतीबाहेर म्हणून बाद ठरल्या असत्या, हे तुमच्याच आकड्यांतून दिसेल. सही करायची की नाही याचा निर्णय त्या तक्त्यावर घ्या.

बैठकीला वडिलांना बरोबर घेऊन जा. पैसे कोठे ठेवणार, हा प्रश्न तुम्ही विचारा. मुदतवाढीच्या कलमावर मात्र त्यांना बोलू द्या. पुरात नेमके काय अडले, कोणत्या दिवशी कोणता कामगार पोचू शकला आणि पहिला टेम्पो कधी निघाला, हे त्यांना दिवसागणिक आठवत असेल, आणि घड्याळ केव्हा थांबावे व केव्हा पुन्हा सुरू व्हावे हे त्या आठवणीतूनच नेमके लिहिता येईल.